एलिझाबेथ टिलीचं माहेर कसं सापडलं, आणि तिच्यासारख्या बायकांचा शोध कसा घ्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही एलिझाबेथ टिली नक्की कोण?

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून जे १०२ लोक इंग्लंडहून अमेरिकेला गेले त्यातली एक तेरा वर्षांची मुलगी. बरोबर आईवडील होते, सख्खे काका-काकू होते. पहिल्याच हिवाळ्यात हे चौघंही गेले आणि पोरगी त्या परक्या किनाऱ्यावर एकटी उरली. त्या वर्षी जवळपास निम्मे लोक मेले, मोठ्या बायका अठरा आल्या होत्या त्यातल्या वर्षभरात फक्त चारच उरल्या, म्हणजे ही जगली हेच विशेष. पुढे तिने त्याच जहाजातल्या जॉन हाउलंडशी लग्न केलं, दहा मुलं झाली आणि दहाही मोठी होऊन संसाराला लागली, जे त्या काळात फारच कमी घरांत व्हायचं. डिसेंबर १६८७ मध्ये ऐंशीव्या वर्षी ती स्वान्झी या गावी मुलीकडे वारली.

मराठी लोकांना याचं काय करायचंय?

आपली कितीतरी माणसं मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंडकडे राहतात, मुलांची लग्नं तिकडच्या घरांत झालीत, नातवंडांना शाळेत फॅमिली ट्री करून आणायला सांगतात आणि मग अर्धं झाड आपल्याला माहीत असतं, अर्धं नसतं. आमचाही जावई न्यू इंग्लंडचाच (म्हणजे अमेरिकेचा तोच ईशान्येकडचा भाग), त्यामुळे मी या विषयात शिरले आणि मग बाहेर पडावंसं वाटलंच नाही. वसाहतीच्या सुरुवातीच्या काळातली कुठलीही इंग्रज बाई शोधायची असेल तर एलिझाबेथचं उदाहरण सगळ्यात चांगलं, कारण तिच्या बाबतीत काय काय चुकलं आणि ते कसं सुधारलं हे सगळं पुराव्यानिशी बघता येतं.

ती गव्हर्नर कार्व्हरची मुलगी होती असं वाचलंय, ते खरं का?

नाही. पण हा प्रश्न विचारताच म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण सगळा धडा यातच आहे.

जॉन कार्व्हर हा प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर. जॉन हाउलंड त्याच्याच घरचा माणूस, त्याच्याकडे नोकरीत. आईवडील गेल्यावर एलिझाबेथही कार्व्हरांच्याच घरात राहिली असावी. स्वतः कार्व्हर एप्रिल १६२१ मध्ये गेला आणि पाठोपाठ त्याची बायकोही. आता पुढच्या पिढ्यांनी काय केलं, की हाउलंड कार्व्हरच्या घरात होता, त्याची बायकोही त्याच घरातली, म्हणजे ती कार्व्हरचीच मुलगी असणार, कोणी म्हणालं नात असणार, आणि हे हाउलंडांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या अभिमानाने सांगितलं गेलं, पुस्तकांतही छापलं गेलं. गव्हर्नरचं रक्त आपल्यात आहे म्हटल्यावर कोण कशाला उलटतपासणी करतंय!

खरी गोष्ट एका वहीत लिहिलेली होती. वसाहतीचा दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने स्वतःच्या हाताने प्लिमथचा इतिहास लिहिला होता आणि शेवटी मेफ्लॉवरवर कोण कोण आलं, त्यांचं पुढे काय झालं याची यादी जोडली होती, साधारण १६५१ ची. ही वही बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये होती, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या गडबडीत ती गायब झाली. १८५५ मध्ये कळलं की ती लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या लायब्ररीत आहे. १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ती छापली, आणि त्यात सरळ लिहिलेलं, की जॉन टिली आणि त्याची बायको किनाऱ्यावर आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ हिचं जॉन हाउलंडशी लग्न झालं. झालं, विषय संपला. पिढ्यानपिढ्या बापाच्या जागी भलत्याचंच नाव होतं ते एका ओळीने पुसलं गेलं. मूळ वही १८९७ मध्ये अमेरिकेला परत आली, आता बॉस्टनला स्टेट लायब्ररीत आहे आणि तिची पानं ऑनलाइन बघता येतात.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गव्हर्नरची मुलगी नाही हे कळल्यावर तिची किंमत कमी झाली नाही, उलट तिला तिचे आईवडील परत मिळाले. कुळकथेत मोठं नाव आलं की तिथेच थांबून आधी विचारायचं, याचा कागद कुठे आहे.

जहाजाची पॅसेंजर लिस्ट कुठे मिळेल?

मिळणार नाही. मेफ्लॉवरची त्या वेळची प्रवाशांची यादी आज उपलब्ध नाही. आपण जिला यादी म्हणतो ती ब्रॅडफर्डचीच, जहाज पोचल्यावर तीसेक वर्षांनी लिहिलेली. जहाजावर जो करार झाला, मेफ्लॉवर कॉम्पॅक्ट, त्यावर फक्त पुरुषांच्या सह्या. जॉन टिली आहे, त्याचा भाऊ एडवर्ड आहे, हाउलंड आहे. बाई एकही नाही.

मग तिच्या आईचं नाव कसं कळलं? ब्रॅडफर्डने तर लिहिलंच नाही.

बरोबर, त्याने नुसतं ‘जॉन टिली आणि त्याची बायको’ असं लिहिलं. ही माउली मुलीला घेऊन समुद्र ओलांडून आली, आल्या आल्या मेली, आणि कागदावर नाव सुद्धा नाही. मला हे वाचून फार लागलं होतं.

या रिकाम्या जागेत मग लोकांनी आपापली नावं भरली. हॉलंडमध्ये लायडन शहरात, जिथे यातले बरेचसे लोक आधी राहत होते, तिथे एका जॉन टिलीचं १६१५ मध्ये लग्न झाल्याची नोंद आहे, व्हॅन डर व्हेल्ड आडनावाच्या बाईशी. नाव जुळलं म्हणून तीच एलिझाबेथची आई असं ठरवून टाकलं, आणि अजूनही इंटरनेटवरच्या कितीतरी झाडांवर ती बाई तशीच बसलेली आहे. आता एलिझाबेथ १६०७ ची आणि हे लग्न १६१५ चं, हे बघून तरी कुणाला शंका यायला हवी होती.

खरं उत्तर इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातल्या हेन्लो या खेड्यातून आलं. तिथल्या चर्चच्या रजिस्टरवरून १९७६ मध्ये रॉबर्ट लेह वॉर्ड या अभ्यासकाने मेफ्लॉवरवरच्या सात जणांचं मूळ एकदम मांडलं. त्यात एलिझाबेथ, तिचे आईवडील, काका एडवर्ड, काकू अ‍ॅन कूपर, आणि त्या काका-काकूंबरोबर आलेली दोन लहान मुलं हेन्री सॅम्पसन आणि ह्युमिलिटी कूपर. आईचं नाव जोन हर्स्ट. तीसुद्धा हेन्लोचीच. तिचं पहिलं लग्न थॉमस रॉजर्स नावाच्या माणसाशी झालं होतं (मेफ्लॉवरवरही एक थॉमस रॉजर्स आहे, तो हा नव्हे), तो वारला, मग २० सप्टेंबर १५९६ रोजी तिने जॉन टिलीशी लग्न केलं. एलिझाबेथ सगळ्यात धाकटी, तिचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७.

आणि यात पद्धत बघा, नुसत्या एका नावामागे न लागता पूर्ण गोतावळा शोधला. जॉन टिली नावाची माणसं इंग्लंडमध्ये ढिगाने असतील, पण ज्या गावात जॉन टिली आहे, त्याचा भाऊ एडवर्ड आहे, त्याच भागात कूपर आहेत, सॅम्पसन आहेत, असं गाव एकच निघतं. बाईचं माहेर शोधायचं असेल तर तिच्याबरोबर कोण प्रवास करत होतं, शेजारी कोण, साक्षीदार कोण, हे आधी लिहून काढा. जत्रेत हरवलेलं पोर जसं बरोबरच्या माणसांवरून ओळखतात, तसंच आहे हे.

बायकांच्या नोंदी मुळातच कमी असतात, मग बघायचं कुठे?

पुरुषांच्या कागदांत. नवरा, बाप, मुलगा, जावई यांच्या कागदांत बाई सापडते, फक्त ते कागद तिच्यासाठी वाचावे लागतात.

एलिझाबेथच्या बाबतीत एक फार गोड कागद आहे. मे १६२७ मध्ये प्लिमथच्या लोकांनी गुरं वाटून घेतली. तेव्हा १५६ माणसं होती, त्यांचे तेरा तेरा जणांचे बारा गट केले आणि प्रत्येक गटाला गाय-कालवड आणि शेळ्या दिल्या. कोण कोणत्या गटात हे नावानिशी लिहिलंय, अगदी तान्ह्या मुलांसकट, कारण प्रत्येक डोक्याला वाटा होता. चौथ्या गटात जॉन हाउलंड, बायको एलिझाबेथ, आणि दोन मुलं, जॉन आणि डिझायर. त्याच गटात जॉन आणि प्रिसिला ऑल्डन आणि त्यांची मुलगी. त्यांच्या वाट्याला आली रॅगहॉर्न नावाची कालवड. म्हणजे १६२७ पर्यंत लग्न झालं होतं, दोन मुलं झाली होती, हे गुरांच्या वाटणीवरून कळतं! लग्नाची तारीख कुठेच नाही, अंदाजे १६२४ च्या सुमाराचं म्हणतात ते अशाच कागदांवरून.

तशीच ब्रॅडफर्डची यादी. तो लिहितो की दोघंही हयात आहेत, दहा मुलं आहेत, दहाही जिवंत, थोरलीला चार मुलं, दुसरीला एक, म्हणजे त्यांच्यापासून पंधरा झाले. इतकी जिवंत शिरगणती आपल्याला कुठे मिळणार.

मग नवऱ्याचं मृत्युपत्र. जॉन हाउलंड फेब्रुवारी १६७३ मध्ये वारला, त्याने रॉकी नूक या जागेवरचं राहतं घर एलिझाबेथला तिच्या हयातीपर्यंत वापरायला ठेवलं. शिवाय जमिनीच्या खरेदीखतात बायकोची संमती लिहिलेली असते, ती बघायची. बाई विधवा झाली की मात्र ती स्वतःच्या नावाने कागदावर येते, म्हणून नवऱ्याच्या मृत्यूनंतरची वर्षं कधीही सोडू नका.

तिचं स्वतःचं मृत्युपत्र आहे का?

आहे, १७ डिसेंबर १६८६ चं. हे वाचाच, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत असलेली बाई इथे पहिल्यांदा स्वतः बोलते. सुरुवातीलाच सांगते की वय एकोणऐंशी, स्मरण चांगलं आहे. आता हेन्लोच्या १६०७ च्या बाप्तिस्म्याशी हे वय जुळवून बघा, बरोबर बसतं. समुद्राच्या दोन बाजूंचे दोन कागद, मधे ७९ वर्षं, आणि बाई एकच.

थोरल्या जॉनला पाच पौंड आणि टिंडेलच्या लेखनाचं पुस्तक. जोसेफला वजन करायचा काटा. जेबेझला पिसांची गादी, जी आधीच त्याच्याकडे होती, आणि मोठं लोखंडी भांडं अडकवायच्या आकड्यांसकट. आयझॅकला बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं विल्सनचं पुस्तक आणि पितळी हंडा, तोही त्याच्याच ताब्यात. शिवाय चादरी, उशांचे अभ्रे जोडीजोडीने मोजून वाटलेले. आणि सगळ्या मुलांना निक्षून सांगितलंय की देवाचं भय धरून वागा, एकमेकांशी प्रेमाने आणि शांततेने राहा. घरात धर्माची जाड जाड पुस्तकं होती पण मृत्युपत्रावर सहीच्या जागी तिची खूण आहे. त्या काळात मुलींना वाचायला शिकवत पण लिहायला शिकवतीलच असं नाही, त्यामुळे खूण दिसली म्हणून बाई अडाणी होती असं समजू नका.

वंशावळीसाठी हे सोनं आहे, कारण मुली लग्नानंतरच्या आडनावांनी येतात, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, एलिझाबेथ डिकिन्सन. तीन मुलींची सासरं एका कागदात.

प्लिमथच्या रेकॉर्डमध्ये मृत्युपत्र शोधलं, सापडलं नाही, असं का?

कारण ती स्वान्झीला मुलीकडे, लिडियाकडे राहायला गेली होती. १६८५ मध्ये प्लिमथ वसाहतीचे तीन काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, पाडले, प्लिमथ, बार्नस्टेबल आणि ब्रिस्टल. स्वान्झी ब्रिस्टलमध्ये, म्हणून मृत्युपत्र ब्रिस्टल काउंटीच्या प्रोबेट रेकॉर्डमध्ये, म्हणजे मृत्युपत्रांच्या सरकारी दप्तरात. म्हातारी विधवा शेवटी कुठल्या मुलीकडे होती ते आधी शोधा आणि मग काउंटी ठरवा, आणि काउंटीसुद्धा त्या वर्षीच्या हद्दीप्रमाणे, आजच्या नकाशाप्रमाणे नाही.

तारखेत १६७२/३ असं का लिहितात, टायपिंग मिस्टेक आहे का?

नाही हो. तेव्हा इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, १७५२ पर्यंत. त्यामुळे हाउलंड २३ फेब्रुवारीला वारला तेव्हा त्यांच्या हिशेबाने अजून १६७२ चालू होतं, आपल्या हिशेबाने १६७३ लागलं होतं. म्हणून दोन्ही लिहायचं. जानेवारी ते २४ मार्चपर्यंतची कुठलीही तारीख असेल तर हे तपासा, नाहीतर मूल आईबापांच्या लग्नाच्या आधी जन्मलेलं दिसेल आणि उगाच गैरसमज.

स्पेलिंग दर ठिकाणी वेगळं का?

तेव्हा ठरलेलं स्पेलिंग नव्हतंच. लिहिणारा कारकून ऐकेल तसं लिहायचा. सर्च करताना दोनतीन तऱ्हेने करून बघा आणि जिथे सोय असेल तिथे नुसतं पहिलं नाव आणि गाव टाका.

मुलांच्या नावांवरून काही कळतं का?

इशारा मिळतो, पुरावा नाही. थोरल्या मुलीचं नाव डिझायर. कार्व्हरांच्या घरात डिझायर मिंटर नावाची तरुण मुलगी होती, ती नंतर इंग्लंडला परत गेली. आईवडील गेल्यावर एलिझाबेथला तिने सांभाळलं असेल, मैत्री झाली असेल, म्हणून मुलीला तिचं नाव दिलं असेल, असं बरेच जण मानतात आणि मलाही ते पटतं. पण फॅमिली ट्रीत लिहिताना ‘असावं’ असंच लिहा.

ऑनलाइन तयार झाडं मिळतात, ती कॉपी केली तर चालतील का?

वाचायला चालतील, उतरवून घ्यायला नाही. एकाने चूक केली की शंभर जण ती कॉपी करतात आणि मग शंभर ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं. त्यापेक्षा फॅमिलीसर्च ही वेबसाइट फुकट आहे, तिथे मूळ रजिस्टरांचे फोटो बघा. प्लिमथ वसाहतीचे कोर्टाचे कागद १८५५ ते १८६१ दरम्यान छापून झालेत, आता स्कॅन केलेले मिळतात. मॅसॅच्युसेट्सच्या बहुतेक गावांचे १८५० पर्यंतचे जन्म-लग्न-मृत्यू पुस्तकरूपात आहेत. बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जेनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ पासून हेच काम करते. आणि मेफ्लॉवरच्या घराण्यांसाठी चंदेरी कव्हरची पुस्तकं आहेत, सगळे त्यांना सिल्व्हर बुक्सच म्हणतात, त्यात पहिल्या पाच पिढ्या पुराव्यासकट दिल्यात.

नातवंडांना मेफ्लॉवर सोसायटीचं सभासद करायचंय, काय लागतं?

जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स ही १८९७ ची संस्था, ऑफिस प्लिमथला. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू कागदाने सिद्ध करायचा. आजपासून मागे जायला लागा, पहिल्यांदा बाळाचा जन्मदाखला, मग आईबापांचं लग्न, असं करत सिल्व्हर बुकमधल्या पाचव्या पिढीला जाऊन मिळा, पुढचं काम त्यांनी केलेलंच आहे. खरी अडचण येते १७८० ते १८५० मध्ये, लोक पश्चिमेकडे सरकत होते, न्यूयॉर्क राज्यात तर त्या काळची नोंदणी फारच विरळ. तिथे पुन्हा मृत्युपत्रं, सैनिकांच्या पेन्शनचे कागद, आणि थडगी. आई किंवा आजी मराठी असेल तर काही अडत नाही, दाखले इंग्रजीत किंवा भाषांतर करून द्यायचे एवढंच.

डीएनए टेस्टने सिद्ध होईल का?

एवढ्या जुन्या माणसासाठी नेहमीच्या टेस्टचा फारसा उपयोग नाही. बारा पिढ्या मागे गेलात की त्या पायरीवर ४०९६ पूर्वजांच्या जागा असतात, त्यातल्या एकीचा तुकडा तुमच्यात असेलच असं नाही. आईकडून मुलीकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र कामाचा, पण त्यासाठी एलिझाबेथपासून आजपर्यंत मधे एकही मुलगा न येता मुलीच मुली अशी साखळी हवी. तिला सहा मुली होत्या, डिझायर, होप, एलिझाबेथ, लिडिया, हॅना आणि रूथ, म्हणून अशा साखळ्या सापडू शकतात. तरीही आधी कागद, मग डीएनए.

तिचे वंशज कोण कोण?

फ्रँकलिन रूझवेल्ट, बुश बापलेक, सिनेमानट हम्फ्री बोगार्ट, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. आणि गंमत बघा, येताना वादळात जॉन हाउलंड जहाजावरून समुद्रात पडला होता, शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता तो हाताला लागला म्हणून वर ओढून काढता आला. तो दोर सुटला असता तर यातलं कुणीच नसतं.

ती जमीन आधी कोणाची होती, हे झाडात लिहायचं का?

लिहायचं, मी तर आग्रहाने सांगेन. प्लिमथच्या जागी पटक्सेट नावाचं वाम्पानोग या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव होतं, १६१६ ते १६१९ च्या साथीत ते ओसाड झालं. एलिझाबेथच्या म्हातारपणीचं स्वान्झी म्हणजे तर वाम्पानोगांचा मूळ मुलूख, आणि जून १६७५ मध्ये किंग फिलिपचं युद्ध, म्हणजे वाम्पानोग आणि इंग्रज वसाहतवाले यांच्यातलं युद्ध, तिथेच पेटलं. तिचा थोरला जावई, डिझायरचा नवरा कॅप्टन जॉन गोरहम, त्या युद्धात गेला होता आणि १६७६ च्या फेब्रुवारीत स्वान्झीलाच आजारी पडून वारला. म्हणजे हा विषय बाजूचा नाही, तिच्या घरातलाच आहे. नातवंडांना नुसत्या जहाजाची गोष्ट सांगून त्या लोकांना वगळलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

हेन्लोचे कागद बघायला इंग्लंडला जावंच लागतं का?

नाही. इंग्लंडमध्ये चर्चची रजिस्टरं १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला, सगळीकडची टिकली नाहीत, पण बेडफर्डशायरचं नशीब चांगलं, तिथल्या गावांची १८१२ पर्यंतची रजिस्टरं टाइप करून छापलेली आहेत. बेडफर्डला काउंटीचं अर्काइव्ह आहे, १९१३ चं, त्या देशातलं पहिलं काउंटी रेकॉर्ड ऑफिस. त्यांना ईमेल करा, पण ‘टिली घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहू नका, त्याला उत्तर मिळणं कठीण. गाव, वर्षांची रेंज, आणि नेमकी कुठली नोंद हवी, बाप्तिस्मा की लग्न की दफन, एवढं एका मेलमध्ये एकच विचारा, फी आधी विचारून घ्या, आणि पानाचा फोटो मागताना आजूबाजूच्या नोंदींसकट पूर्ण पान मागा.